ज्वारीचं बाळ

आमच्या रुग्णालयाच्या बेसिनमध्ये काळ्या बिया दिसायला लागल्या की समजावं, सीताफळं आली. डोंगरपट्ट्यातल्या गावांतून बाळंतपणाला येणाऱ्या बायांबरोबर कुणी ना कुणी टोपलीभर आणतंच. खाटेखाली ती टोपली, आत पाला, वर ओला फडका. सफाईच्या मावशी बियांवरून रोज भांडतात आणि भांडून झालं की दोन फळं पदरात टाकून जातात. पाऊस उघडलेला असतो. डोंगरावरचं गवत शेंड्याला पिवळं पडायला लागतं. वॉर्डभर फिनेलच्या वासात तो गोड, जरासा आंबूस वास मिसळतो. बाकीच्यांना त्या वासानं दिवाळी आठवते. मला माझं नापास होणं आठवतं.

आणि खरं सांगू, मला तो वास आवडतो. नापास झाल्याची आठवण आली की माणसानं खाली बघावं, निदान उसासा तरी सोडावा, अशी लोकांची अपेक्षा असते. मी मात्र मधल्या सुट्टीत मावशींच्या पदरातलं एक फळ मागून घेते आणि खिडकीत बसून चवीनं खाते.

अपयश ही यशाची पहिली पायरी, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. ज्यानं ते लिहिलं तो बहुतेक कधी नापास झाला नसावा. पायरी असती तर वर चढल्यासारखं वाटलं असतं. मला तर आडात पडल्यासारखं वाटलं होतं, आणि आडात पडलेल्याला काठावरून कुणी सुविचार ऐकवू लागलं तर दगडच मारावासा वाटतो. नापास म्हणजे नापास. ते गोड करून घ्यायची मला कधी गरज वाटली नाही.

आम्ही पाटोद्याकडच्या डोंगरातले मेंढके. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची मेंढरं, त्यांच्या आधी त्यांच्या आबांची मेंढरं. माझं पाळण्यातलं नाव वैशाली. घरात आणि रानात वैशी. चालता यायला लागल्यापासून मी कळपाच्या मागं होते. बारावी झाल्यावर बीडला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला नंबर लागला, तेव्हा आमच्या वस्तीवरून त्या कोर्सला गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झाल्याशिवाय नोंदणी होत नाही, नोंदणीशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. म्हणजे तीन वर्षं वॉर्डात राबलेली बाई त्या एका परीक्षेत अडकली, तर नर्सही नाही आणि विद्यार्थिनीही नाही. मी अडकले.

कुठं अडकले ते सांगते. लेखी पेपर बरे गेले होते. प्रात्यक्षिकाला बाळंतपणाची खोली मांडली होती. टेबलावर रबराची बाहुली, शेजारी पांढरे कपडे, श्वास द्यायची फुग्यासारखी पिशवी आणि मास्क. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीवर बसलेल्या, चष्मा साखळीला लटकवलेला, आवाज शांत. त्यांनी बाहुली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आत्ताच जन्मलंय. रडत नाही. करा."

मला सगळं पाठ होतं. कोरड्या कपड्यात घ्या, पुसून काढा, उबेला ठेवा, मान किंचित मागं, साफ करायचंच तर आधी तोंड मग नाक, पाठीवर चोळा, तरी रडलं नाही तर वेळ न घालवता मास्क लावून श्वास द्या. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हाच क्रम सांगितला असता. तोंड तो क्रम म्हणायला लागलंही होतं. पण त्याच वेळी माझ्या उजव्या हातानं बाहुलीचे दोन्ही पाय घोट्यापाशी धरले, तिला उलटी टांगली, डाव्या हाताचं बोट तिच्या तोंडात फिरवलं आणि एक हिसडा दिला.

ज्यानं मेंढी व्यालेली पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. कोकराच्या नाकातोंडात चिकटा अडकला की असंच करतात. मागचे पाय धरायचे, उलटं करायचं, बोटानं तोंड मोकळं करायचं आणि झुलवायचं. ते शिंकतं, मान झाडतं आणि थोड्या वेळानं उठून आईला धडका द्यायला लागतं. मी हे इतक्या वेळा केलं होतं की माझ्या हाताला विचारायची सवयच राहिली नव्हती. त्याला वाटलं, आलं कोकरू.

बाहुलीला आधीच्या मुलींच्या हातचं तेल लागलेलं होतं. ती माझ्या मुठीतून निसटली आणि परीक्षक बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन पडली. मागं रांगेतली एक मुलगी फिस्सकन हसली. बाईंनी वाकून बाहुली उचलली, तिची टोपी नीट केली, टेबलावर सरळ झोपवली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाळ गेलं, सिस्टर." आणि दाराकडं बघून, "पुढची."

बाई चुकल्या असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. माणसाच्या लेकराची मान म्हणजे भिजल्या कणकेची. ती सावरायला त्याला महिने लागतात. त्याला पायानं टांगून हिसडा दिला तर डोक्याला, मणक्याला इजा होऊ शकते, आणि हातातून सुटतं ते वेगळंच. माझ्या हातात खरं बाळ असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता तो माझ्या घरचाच झालाय. मी चुकले होते आणि मला नापास करायलाच हवं होतं. फक्त, चुकले म्हणजे संपले, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याशी माझं भांडण होतं.

निकाल पाहिला तो पाटोद्याच्या बाजारात, हमीदचाचांच्या फळांच्या गाड्यापाशी. चाचा आमची सीताफळं वर्षानुवर्षं घेत आलेले. माय आणि मी पहाटे डोंगरावरून तोडून आणलेली फळं त्यांच्या पुढ्यात ओतायची आणि त्यांनी निवडायची, हा दर सालचा रिवाज. त्या दिवशी मीच निवडायला बसले होते आणि फळं दाबून दाबून बघत होते. चाचा ओरडले, "दाबू नक्को बेटा! डोळे बघ डोळे. दाबलेलं फळ संध्याकाळला काळं पडतंय." फळाच्या खवल्यांमधल्या खाचा पांढुरक्या होऊन रुंदावल्या की त्याला डोळे उघडले म्हणतात, आणि उघडलेल्या डोळ्यांचं फळ दोन-चार दिवसांत पिकतं. तेवढ्यात मोबाईलवर निकाल उघडला. चाचांनी माझ्या तोंडाकडं पाहून ओळखलं.

"नापास झाले चाचा."

"हौ?" त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं. मग गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाले, "थांबा जरा, आमच्या सिस्टरला पानी देतो."

"सिस्टर नका म्हणू आता."

"कावून? दिवसभर गिऱ्हाईक न्हाई आलं तर मी दुकानदार न्हाई का बे?" आणि त्या 'बे'वरून त्यांनी स्वतःच जीभ चावली, कारण पोरीबाळींना असं बोलत नाहीत. मला हसू आलं. निकालाच्या दिवशी मी हसले होते, हे लोकांना सांगून पटत नाही.

वस्तीवर बातमी माझ्या आधी पोचली होती. बाया दुखवट्याला आल्यासारख्या यायच्या, उंबऱ्यात टेकायच्या, च्च च्च करायच्या आणि जाताना हळूच विचारायच्या, "मग आता हिचं बघताय का कुटं?" बाहुली पडल्याची गोष्ट कोणी आणली कोण जाणे, पण तीही आली. पाण्याच्या टाकीपाशी दोघं गडी मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होते. "काय बे, बाहुली आपटली म्हनं हिनं!" "मग? मेंढराच्या पोरीला मानसाचं काय कळतंय."

मी हंडा खाली ठेवला. म्हटलं, "आपटली. तू परीक्षेच्या खोलीत कधी गेलतास का?" त्यानं टाकीकडं तोंड फिरवलं. मला तेवढ्यानं बरं वाटलं, आणि तेवढ्यानं काही होणार नाही हेही कळत होतं.

पुन्हा बसायची संधी हिवाळ्यात होती. आणि दिवाळी झाली की आमची माणसं राहत नाहीत. डोंगरावरचं गवत संपतं, मेंढरं खाली गोदावरीच्या काठाला, गंगथडीला, निघतात. घोड्यावर संसार बांधायचा आणि पावसाळ्यापर्यंत परतायचं नाही. त्या वर्षी मायचे गुडघे दुखत होते. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांनी सरळ सांगितलं, "एक डाव बसली, न्हाई जमलं. आता वैशी मेंढरामागं येईल. वहिनी घोड्यावर बसंल." कळपाबरोबर गेले की परीक्षा गेली. आणि एकदा गेले की परत कुणी पाठवणार नव्हतं. गंगथडीला पाव्हणे बघून ठेवलेत हेही कानावर होतं. आबा काहीच बोलले नाहीत. आबांचं न बोलणं म्हणजे होकार की नकार, हे मायलाही पुष्कळदा कळायचं नाही.

मी बीडला जाऊन जाधव मॅडमना भेटले. त्या आम्हाला बाळंतपण शिकवायच्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माझे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावले आणि बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात सगळं आहे. हातात नाही. हाताला वाचता येत नाही गं, त्याला करूनच दाखवावं लागतं." बाहुली मात्र घरी नेता येणार नव्हती. आणखी एक सांगितलं त्यांनी, की परीक्षेपर्यंत मेंढरांना हात लावू नकोस, म्हणजे जुनी सवय मोडेल. बाकी सगळं मी ऐकलं, हे तेवढं ऐकलं नाही. विण्याचे दिवस चालू होते, आणि व्यालेल्या मेंढीपाशी मी नाही बसायचं म्हणजे काय?

खरं कारण वेगळं होतं. मला मेंढरांची लाज वाटावी असं सगळ्यांना वाटत होतं. हसणाऱ्यांना वाटत होतं, हळहळणाऱ्यांना तर जास्तच. जणू कोकरू हातातून धुऊन काढलं की मी स्वच्छ होणार. मला लाज वाटत नव्हती. कोकरू जगवायला येणं ही काही रोगराई नाही. त्यातून मी चुकले असेन, पण त्याला नाकारून पास व्हायचं असेल तर तसलं पास होणं मला नको होतं. वीस-बावीस वर्षांचं डोकं, चढलेलं होतं. पण आजही मला त्या डोक्याचं कौतुकच वाटतं.

बाहुलीचं मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "कसलं असतंय ते? सांग, शिवते." जुन्या लुगड्याचा मऊ झालेला तुकडा घेतला, त्याला हात, पाय, पोट केलं आणि लोकर भरली. मी उचलून दाखवलं. मायनं स्वतः हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "इतकं हलकं असतंय व्हय लेकरू? मी काढलेत की, मला इचार." लोकर उपसली आणि ज्वारी भरली. आता ते हातात घेतलं की ढिलं पडायचं, अंग चारी बाजूंनी ओघळायचं. अगदी तसं. मग डोक्याचा प्रश्न आला. चिंध्यांचं डोकं कितीही दाबलं तरी तक्रार करत नव्हतं. मायनं इकडंतिकडं पाहिलं, टोपलीतलं डोळे उघडलेलं एक कच्चं सीताफळ उचललं आणि फडक्यात बांधून धडावर शिवून टाकलं. "घे. दाबलंस की कळंल."

कळायचं. अंगठा जोरात लागला की फळ तिथंच मऊ पडायचं, संध्याकाळी डाग दिसायचा. माय फडकं सोडून तपासायची आणि म्हणायची, "आज कानामागं बोट रुतलंय." दोन-चार दिवसांनी डोकं पिकायचं. मग ते काढायचं, नवीन बसवायचं, आणि पिकलेलं? टाकून देणाऱ्यातलं आमचं घर नाही. माझ्या बाळाची किती डोकी आम्ही त्या आश्विनात खाल्ली असतील! पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. नंतर मी बियाही मोजक्याच थुंकत होते.

पण हात! मान मागं, तोंड, नाक, पाठ, असं म्हणत म्हणत हात शेवटी पायांकडंच. दर वेळी. मी स्वतःच्या हातावर दुसऱ्या हातानं चापट मारायचे आणि तो पुन्हा जायचा. तोंडावर ज्वारीची धूळ उडायची, अंगणातल्या कोंबड्या गोळा व्हायच्या. एका दुपारी मी बाळ ओट्यावर टाकून दिलं आणि म्हटलं, माझ्यानं नाही होत. मायनं विळीवर दोन्ही पायांची शिवण कापली, पाय काढले, भोकं शिवून टाकली. "पायच ठेवत न्हाई. बघू, धरतीस काय ते."

चमत्कार झाला. बिनपायाच्या बाळावर माझा हात एकदम शहाणा झाला. सगळा क्रम बरोबर, मान बरोबर, मास्क म्हणून धरलेली वाटी बरोबर. दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी आबा अंगणात एक मेंढी पालथी घालून कातरत बसले होते. पावसाळ्यानंतरची कातरणी चालू होती. त्यांनी कातर थांबवली आणि माझ्याकडं बघत बसले. आबा एरवी बाईच्या कामाकडं, त्यातून बाळंतपणाच्या, कधी बघायचे नाहीत.

"पाय कुटं हायत त्याचे?"

माय घरातनं म्हणाली, "मी काडले. सारखं पाय धरतीया."

आबांनी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "कुत्र्याचं पिल्लू आनलं की त्याला कोकराला तोंड न्हाई लावायचं हे कसं शिकवतो आपुन? कोकरू लपवून?" मी म्हटलं, न्हाई, कोकरू समोर ठेवून. "मग? लपवून शिकवलेलं कुत्रं कोकरू दिसलं की धरतंय. पाय शीव. पाय असून धरायचं न्हाई, ते खरं." आणि पुन्हा कातरायला लागले.

मला त्यांचा राग आला. दोन दिवसांचं सुख गेलं म्हणून राग आला आणि ते बरोबर बोलत होते म्हणून जास्त आला. मी स्वतः पाय शिवले. हात पहिल्याच खेपेला पायांकडं गेला. सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण आता मला कळलं होतं की काय करायचंय. हाताला विसरायला लावायचं नव्हतं, थांबायला शिकवायचं होतं. सकाळी मी मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात नुकती जन्मलेली कोकरं उलटी करून झुलवायचे. हात धुवायचे, कोपरापर्यंत, शिकवल्याप्रमाणे. आणि येऊन ज्वारीच्या बाळापाशी बसायचे. एक काम झालं, आता दुसरं. हात धुणं म्हणजे मधली वेस. ती ओलांडली की माणसाचं गाव.

पाडव्याला आमच्यात मेंढरं रंगवून ओवाळतात. शिंगांना गेरू, पाठीवर हळदीचा पट्टा, मायच्या हातात ताट. ओवाळणं झालं, मेंढरं उधळली, आणि नाना म्हणाले, "दोन दिवसात निघायचं. वैशे, तुझं गठुडं बांधून ठेव."

"मी येत न्हाई नाना. मी परीक्षेला बसणार हाय."

नानांनी आबांकडं पाहिलं. "दादा, तू बोल आता हिला." सगळ्या वस्तीसमोर. मायच्या ताटातला दिवा फडफडत होता, आणि मला वाटलं, आता जे काही होईल ते आबांच्या तोंडून होईल आणि ते परत फिरवता येणार नाही.

आबा म्हणाले, "ती न्हाई येत."

"आन पुन्हा नापास झाली म्हंजी?"

याचं उत्तर मी दिलं. म्हटलं, "तर पुन्हा बसन. नाना, लांडग्यानं तुमचं मेंढरू नेलं तवा तुमी मेंढरं राखायचं सोडलंत का?"

बाया पदराआड हसल्या. नानांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. "जीभ लई चालती हिची," ते म्हणाले, "हातबी तसाच चालू दे म्हंजी झालं." दोन दिवसांनी कळप उतरला. माय दुखऱ्या गुडघ्यांनी घोड्यावर बसली, वाटेत पुष्कळ चालली असणार हे मला माहीत होतं. जाताना तिनं ज्वारीचं बाळ माझ्या पिशवीत घातलं, नवं डोकं लावून. मी ते बीडला होस्टेलवर नेलं. पोरींनी आधी टिंगल केली आणि मग एकेक जण माझ्याकडून मागून नेऊ लागली.

हिवाळ्यातल्या परीक्षेला त्याच बाई होत्या. तीच साखळी, तोच चष्मा. त्यांनी मला ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. बाहुली माझ्या हातात दिली. "जन्मलंय. रडत नाही."

मी तिचे पाय पाहिले. रबराचे, गुबगुबीत, घोट्याला वळ्या पडलेले. माझा उजवा हात हलला. तो खरोखर हलला, मी लपवणार नाही. मग थांबला आणि मानेखाली गेला. त्यानंतरचं सगळं हातानं केलं, मी फक्त सोबतीला होते.

"रडलं, सिस्टर," बाई म्हणाल्या. "पुढची."

निकाल लागला तेव्हा आबा गंगथडीला कुठल्यातरी उसाच्या रानात होते. फोन लागला तर म्हणाले, "हं. मेंढरं पान्यावर हायत, मागून बोलतो." मी मोबाईलकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांचाच फोन आला. एवढंच विचारलं, "पाय होते का बाहुलीला?"

"होते, आबा."

"हं," म्हणाले, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. मग लगेच फोन मायला दिला.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. परवाना फ्रेम करून भिंतीवर लावला नाही, कपाटात आहे. ज्वारीचं बाळ मात्र अजून आहे. त्यात एकदा किडे झाले, तेव्हा नवी ज्वारी भरली. आमच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरींच्या हातात मी आधी तेच देते. एखादी घाबरून रडायला लागली की तिला सुविचार सांगत नाही. माझं बाळ परीक्षक बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन पडलं होतं, हे सांगते. त्याचा जास्त उपयोग होतो.

आणि या वर्षी पुन्हा बेसिनमध्ये बिया. परवा दुपारी एक बाई आली, कळपाबरोबर डोंगर उतरत असताना वाटेतच कळा सुरू झालेली. सोबत सासू, अंगावर घोंगडी, कमरेला सीताफळांची गाठोडी तशीच. बाळंतपण लांबलं. बाळ आलं ते निळसर, ढिलं, आवाज नाही. त्या खोलीत जी शांतता होते ती ज्यानं ऐकली त्याला विसरता येत नाही. मी नाळ कापली, त्याला उबेच्या दिव्याखाली घेतलं, पुसलं, पाठ चोळली. सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, ती आत घुसली.

"पाय धर! पाय धरून उलटं कर गं त्याला! हिसडा दे!" तिच्या आवाजात भीती होती आणि हुकूमही. तिनं आयुष्यात जगवलेली सगळी कोकरं त्या आवाजात होती. मावशी तिला मागं ओढत होत्या.

तिचं खरं होतं, तिच्या रानात. बाळाचे पाय माझ्या मनगटाला लागत होते, ओले, बोटाएवढे. मी मान मागं केली, मास्क बसवला, श्वास दिला. छाती उचलली. पुन्हा दिला. पुन्हा. मग त्या पायांनी माझ्या मनगटावर एक लाथ मारली, आणि त्या लेकरानं अशी बोंब ठोकून रडायला सुरुवात केली की सासूनं तिथंच फरशीवर बसकण मारली.

सगळं आवरल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं गाठोडीतलं एक फळ काढलं, डोळे तपासले आणि माझ्या हातात ठेवलं. मग माझ्याकडं नीट बघितलं.

"कुनाची गं तू?"

"मेंढक्याचीच हाय. पाटोद्याकडची."

तिच्या कपाळावर आठी पडली. "मेंढक्याची पोर आन उलटं धराया येत न्हाई व्हय तुला?"

"येतंय की आजी," मी म्हटलं. "म्हून तर न्हाई धरलं."